उन्हाने रापलेल्या त्वचेची रोजची काळजी: आधी झाकाझाकी, मग लेप

मे महिना आला की दोन प्रश्न सगळीकडे ऐकू येतात, एक म्हणजे हापूस केवढ्याला मिळाला आणि दुसरा म्हणजे टॅन घालवायला काय लावू. पहिल्याचं उत्तर दर आठवड्याला बदलतं, दुसऱ्याचं वर्षानुवर्षं तेच आहे पण ते कुणाला आवडत नाही, कारण ते उत्तर असं आहे की लावायचं कमी आणि झाकायचं जास्त. रोज दुपारी स्कूटीवर उघडे हात घेऊन फिरायचं आणि रात्री बेसन चोळत बसायचं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी नेमकं होतं काय ते थोडक्यात बघू म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ऊन लागलं की त्वचेतल्या पेशी मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त बनवायला लागतात, आतल्या पेशींना इजा होऊ नये म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे, म्हणजे टॅन हा काही घाण बसण्याचा प्रकार नाही की घासला आणि निघाला. थोडा रंग लगेच दिसतो पण खरा रंग दोन-तीन दिवसांनी चढतो. म्हणून रविवारी किल्ल्यावर जाऊन आलेला माणूस मंगळवारी-बुधवारी जास्त रापलेला दिसतो, आणि मग सोमवारी हौसेने लावलेल्या लेपाला उगाच शिव्या बसतात. त्वचेचा वरचा थर तरुणपणी साधारण चार आठवड्यांत नवा होतो, वय वाढलं की त्याला अजून वेळ लागतो. त्यामुळे तीन दिवसांत टॅन गायब वगैरे जे व्हिडिओ असतात ते बघून करमणूक करून घ्या आणि पुढे जा. चेहरा त्यातल्या त्यात लवकर सुधारतो, हातापायांना कधी कधी दोन-तीन महिनेही लागतात.

आणि अजून एक, आपल्याला पोचायचं कुठे आहे ते आधी ठरवा. दंडाची आतली बाजू बघा, काखेजवळची, जिथे ऊन कधी पोचतच नाही. तो तुमचा रंग. सगळी काळजी घेऊन जास्तीत जास्त तिथपर्यंत परत जाता येतं, त्याच्याही पुढे उजळ करून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय. सावळा रंग म्हणजे टॅन नव्हे हे आपल्याकडे अजूनही काही मावश्या-आत्यांना पटत नाही, त्यांचं ऐकून घ्या आणि सोडून द्या.

ऊन अडवायचं कसं

दहा ते चार या वेळेत कमीत कमी बाहेर पडा असं सगळेच सांगतात, पण नोकरी करणाऱ्याला ते कसं जमणार. निदान मधले दोन-अडीच तास तरी टाळा. पुण्यामुंबईत सूर्य बरोबर बाराला डोक्यावर येत नाही, मे महिन्यात साडेबाराच्या आसपास येतो, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर उभं राहायची जी आपली वेळ असते नेमकी तीच. सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, लांब असेल तर त्यातल्या त्यात बरं. मे मध्ये तर आपल्याकडे शून्य सावली दिवसच येतो, कोल्हापूरकडे पहिल्या पंधरवड्यात, पुण्यामुंबईत महिन्याच्या मध्यावर, नागपूरला शेवटच्या आठवड्यात, तेव्हा सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. शाळेच्या मुलांना मैदानात काठी उभी करून तो प्रयोग दाखवतात तेव्हा डोक्यावर टोपी द्यायला विसरू नका एवढंच.

कपड्यांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, क्रीमच्या आधी कापड. शेतात निंदायला जाणाऱ्या बायका बघा, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, डोक्याला टॉवेल नाहीतर रुमाल आणि त्याची गाठ मागे मानेवर, म्हणजे मानही झाकली जाते. याच्याइतका स्वस्त आणि पक्का उपाय अजून बाजारात आलेला नाही. विदर्भात तो पांढरा दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळतात तेही तेच, आणि पुण्यातल्या मुलींच्या स्कार्फ-सनकोटवर कितीही विनोद झाले तरी दुपारी सिग्नलला नव्वद सेकंद उभं राहिल्यावर कोण शहाणं ते कळतंच.

फक्त कापड कुठलं ते बघा. ओढणी खिडकीसमोर धरा, पलीकडचा उजेड भोकाभोकांतून स्वच्छ दिसत असेल तर ऊनही तसंच आत येणार, जॉर्जेटची झिरझिरीत ओढणी त्यामुळे नुसती दिसायला. घट्ट विणीचं सुती कापड चांगलं, गडद रंग ऊन जास्त अडवतो पण गरमही होतं, तेव्हा आपापल्या सोसण्याप्रमाणे. ओलं झालेलं पातळ पांढरं कापड फारसं काही अडवत नाही, तारकर्लीला किंवा अलिबागला टी-शर्ट घालून समुद्रात डुंबणाऱ्यांचे खांदे तरीही भाजतात ते म्हणूनच. शिवाय तिथे वाळूवरून आणि पाण्याच्या फेसावरून उलटून येणारं ऊन वेगळंच. आणि हो, स्कार्फ रोज धुवा. घाम, धूळ, हेल्मेटच्या आतला तेलकटपणा सगळं त्यात साचतं आणि आठवडाभर डिकीत कोंबलेला तोच स्कार्फ गालावर बांधला की टॅन वाचतो पण पिंपल्स येतात.

दुचाकीवर सगळ्यात जास्त मार खातात ते हात, त्यातही बोटांची वरची बाजू आणि मनगट, कारण हँडल धरलेले हात तासभर आडवे असतात आणि ऊन त्यांच्यावर सरळ पडतं. बाही आखूड असेल तर कापडी स्लीव्हज घाला, शंभर-दीडशे रुपयांत मिळतात, पण बोटं झाकणारे घ्या नाहीतर पंजा वेगळा आणि हात वेगळा असा प्रकार होतो. पायांचंही तसंच, अंगठ्याच्या चपलेचे पट्टे पावलांवर छापले जातात आणि मग ते लग्नसराईत फोटोत दिसतात, त्यावर उपाय एकच, बूट किंवा पातळ मोजे.

गाडीत, बसमध्ये काचेआड बसलोय म्हणजे सुटलो असं नाही. अतिनील किरण दोन प्रकारचे असतात, यूव्हीबी त्वचा भाजतात आणि यूव्हीए आतपर्यंत जाऊन रंग गडद करतात, सुरकुत्याही आणतात. साधी काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते पण यूव्हीए बराचसा आत सोडते, म्हणून रोज कार चालवणाऱ्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त रापलेला असतो, जमलं तर दोन्ही हात शेजारी ठेवून बघा. लाल परीने प्रवास असेल तर जागा बघून बसा. पुण्याहून सकाळी कोल्हापूरला निघालात की ऊन डाव्या खिडक्यांतून येतं, तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूला बसा, दुपारनंतर निघालात तर उलट. ढगाळ हवेतही किरण बऱ्याच प्रमाणात खाली पोचतात त्यामुळे जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळं आवरून ठेवू नका.

सनस्क्रीन, म्हणजे लावली तर नीट लावा

एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतो आणि एसपीएफ 50 साधारण 98 टक्के, म्हणजे फरक फार नाही, त्यामुळे 100 वगैरे आकडे बघून जास्त पैसे घालवू नका. आपल्याला टॅनसाठी बघायचंय ते पीए, ते यूव्हीएसाठी असतं, पुढे तीन किंवा चार अधिकची चिन्हं असलेली घ्या, म्हणजे पीए+++ किंवा पीए++++. पण हे आकडे प्रयोगशाळेत जाड थर लावून काढलेले असतात आणि आपण लावतो वाटाण्याएवढी, मग काय उपयोग. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढायच्या, तेवढी फक्त चेहऱ्याला आणि मानेला. कान विसरायचे नाहीत, मानेची मागची बाजू तर मुळीच नाही, विशेषतः ज्यांचे केस बारीक कापलेले आहेत त्या पुरुषांनी. हिशोबाने बघा, दिवसातून एकदा जरी चेहरा-मानेला नीट लावली तरी 50 ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आसपास संपायला पाहिजे. तुमची गेल्या उन्हाळ्यातली अजून चालू असेल तर समजून जा.

बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, चप्पल घालताना दारात नको. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. मुंबईच्या दमटपणात घामाने ती तासाभरातच ओघळते, तेव्हा आधी रुमालाने घाम टिपून घ्या, पुसू नका नुसता टिपा, आणि मग वर नवा थर द्या. ऑफिसमध्ये दिवसभर ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याने दुपारी परत लावायची तेवढी गरज नसते, संध्याकाळी ऊन असतानाच निघणार असाल तर निघण्याआधी लावा. गव्हाळ-सावळ्या रंगावर झिंकवाली सनस्क्रीन पांढरट दिसते हे खरंय, चुना फासल्यासारखा चेहरा होतो, त्यांनी जेल किंवा मग रंग असलेली म्हणजे टिंटेड घ्या. टिंटेडमध्ये आयर्न ऑक्साइड असतं, ते साधा दिसणारा प्रकाशही अडवतं आणि आपल्यासारख्या त्वचेवर डाग गडद करण्यात त्या प्रकाशाचाही हात असतो, वांग असणाऱ्यांना तर याचा खास फायदा होतो.

ट्यूब डिकीत ठेवू नका. दुपारी उन्हात लावलेल्या गाडीची डिकी उघडून हात घालून बघा, तेवढ्या गरमीत सनस्क्रीन फुटते, पाणी वेगळं आणि चिकट भाग वेगळा, मग ती लावून उपयोग नाही. आणि खोबरेल तेलात नैसर्गिक एसपीएफ असतो हे जे फिरतं त्यावर विसंबून भर उन्हात जाऊ नका. तेल रात्री लावायला उत्तम आहे, सनस्क्रीन म्हणून नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत, त्याला सावली आणि कपडे एवढंच.

घरी आल्यावर

उन्हातून आलात की पंख्याखाली जरा टेका, पाणी प्या (पाण्याने टॅन जात नाही पण ऊन बाधत नाही) आणि मग साध्या पाण्याने चेहरा, मान, हात, पाय धुवा. फ्रीजमधला बर्फ थेट चोळू नका, भाजलेल्या त्वचेला तो अजून त्रास देतो. साबण चेहऱ्याला शक्यतो नकोच, आपल्या त्वचेचा पीएच पाचच्या आसपास म्हणजे थोडा आम्लधर्मी असतो आणि अंगाचा साबण नऊ-दहाच्या घरात, त्यात बोअरिंगचं पाणी असेल तर बघायलाच नको, चेहरा ताणल्यासारखा होतो. सौम्य फेसवॉश घ्या, तोही दिवसातून दोनदा पुरे.

मग अंग पूर्ण कोरडं व्हायच्या आत, थोडं ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. रापलेली त्वचा कोरडी असली की अजून काळपट आणि राखाडी दिसते, निम्म्या लोकांचा निम्मा टॅन हा खरं तर कोरडेपणाच असतो असं मला नेहमी वाटतं, कारण आठवडाभर नुसतं ग्लिसरीनवालं साधं लोशन लावलं तरी हात बरे दिसायला लागतात. पावलांना रात्री पेट्रोलियम जेली आणि वर सुती मोजे, हे सगळ्यात कमी पैशांचं आणि सगळ्यात जास्त कंटाळा केलं जाणारं काम. वज्री फक्त टाचांसाठी, ती घेऊन पावलांचे पट्टे खरवडू नका प्लीज.

त्वचा लाल होऊन चुरचुरत असेल तर तो टॅन नाही, ती भाजलीये. गार पाण्याच्या घड्या, कोरफड, सैल कपडे, आणि चार-पाच दिवसांनी सालं निघायला लागली की ती ओढून काढायची नाहीत, कितीही मोह झाला तरी. फोड आले, ताप आला, चक्कर यायला लागली तर सरळ डॉक्टर.

स्वयंपाकघरातलं काय चालतं

दही-बेसन चालतं. एक चमचा बेसन, दोन चमचे दही, हवं तर मसूर डाळीचं अगदी बारीक पीठ, आठवड्यातून एकदा. दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं पण अगदी सौम्य, त्यामुळे जादूची अपेक्षा ठेवू नका, त्वचा मऊ होते आणि वरची मृत त्वचा थोडी निघते इतकंच. लेप कडकडीत वाळून भेगा पडेपर्यंत ठेवायचा नाही, ओलसर असतानाच पाण्याचा हात लावून काढायचा, सुकलेला लेप चोळून काढला की त्वचेला ओरखडे बसतात आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर प्रत्येक ओरखडा काळा डाग सोडून जातो. दिवाळीचं उटणं म्हणून तर वर्षातून चार दिवस ठीक, रोज नको. हळद चिमूटभर, जास्त घातली तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला हळदीच्या नवरीसारखं जावं लागतं. मुलतानी माती तेलकट त्वचेला ठीक, कोरड्या त्वचेवर ती अजून कोरडं करते.

कोरफड घरची असेल तर पान कापून लगेच लावू नका. कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं वाटीत उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, त्या चिकाने काहींना खाज येते. मग पान धुवायचं, कडेचे काटे काढायचे, वरची साल सोलायची आणि आतला पारदर्शक गर चमच्याने खरवडून घ्यायचा. पहिल्यांदा लावणार असाल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा.

लिंबू मात्र नको. अर्धं लिंबू साखर लावून हातावर चोळायचं हे इतक्या घरांत चालतं की सांगायची सोय नाही. एक तर ते फार आंबट, त्वचा जळजळते, आणि दुसरं म्हणजे लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की ते अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचेवर पुरळ, कधी फोड आणि नंतर महिनोन्महिने न जाणारे काळे ओघळ उठतात. उन्हात उभं राहून लिंबं पिळणाऱ्या सरबतवाल्यांच्या हातावर असे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, टोमॅटोवर साखर टाकून घासणं यांचीही वाट त्याच गावाला जाते. बटाट्याचा काप लावायचा तर लावा, त्याने नुकसान नाही आणि फार फायदाही नाही, भाजीत घातला तर जास्त बरं.

काही विकत घ्यायचंच असेल तर सकाळी व्हिटॅमिन सी किंवा नायसिनामाइडचं सीरम, वर सनस्क्रीन, आणि रात्री आठवड्यातून एक-दोनदा कमी टक्क्यांचं लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड. सगळं एकदम सुरू करू नका, एक घ्या, महिनाभर वापरा, मग दुसऱ्याचं बघा. आणि ॲसिड लावणारा माणूस सनस्क्रीन लावत नसेल तर तो पैसे देऊन टॅन विकत घेतोय, कारण त्या काळात त्वचा उन्हाला जास्त हळवी होते.

पार्लर आणि मेडिकलमधली ती ट्यूब

पार्लरमधला डी-टॅन पॅक लावल्यावर चेहरा लगेच उजळ दिसतो त्याचं बरंचसं कारण म्हणजे ब्लीचने चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी होते आणि मृत त्वचा निघते. लग्नाला जायचं असेल तर करा, पण निदान चार-पाच दिवस आधी, आदल्या दिवशी नको, लाल चट्टे आले तर मेकअपनेही झाकत नाहीत. दर पंधरा दिवसांनी करायची गरज नाही.

खरी भीती वेगळीच आहे. मेडिकलमध्ये जाऊन चेहरा काळवंडलाय काहीतरी द्या म्हटलं की जी ट्यूब हातात पडते तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि गोरा, मैत्रिणी विचारतात काय लावलंस, मग ती ट्यूब अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, चेहऱ्यावर केस येतात, पुटकुळ्या येतात आणि बंद केली की चेहरा भडकतो म्हणून परत लावायची. सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी मिळतात ती गोष्ट वेगळी. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांनी दिल्याशिवाय हात लावू नका. आणि लेबल नसलेली, डबीत भरून मिळणारी गोरं करणारी क्रीम तर नकोच नको, अशा क्रीममध्ये पारा निघालाय. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला अशा क्रीममुळे त्रास झाल्याची बातमी 2023 मध्ये आली होती. आपल्याकडे चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून राहिलेला पाराही दहा लाखात एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही, यावरून तो किती वाईट ते बघा.

टॅन नसतोच तेव्हा

टॅनला हद्द असते. बाहीची, घड्याळाची, चपलेची रेघ स्पष्ट दिसते. तशी रेघ नसेल आणि गालांवर दोन्ही बाजूंना, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी चट्टे असतील तर ते बहुधा वांग, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बायकांना जास्त होतं, उन्हाने वाढतं पण घरच्या लेपाने जात नाही, त्याला डॉक्टरच हवेत.

मान काळी पडलीये आणि हात लावला तर जाडसर, मखमलीसारखी लागतेय, काखेतही तसंच आहे, तर ती घासून निघणार नाही, कितीही घासा. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसलं की अशी मान होते, वजन वाढलेल्या मुलांमध्येही हे बरंच दिसतं आणि घरचे त्याला अंघोळ नीट करत नाहीस म्हणून ओरडतात. त्याला घासणी नको, साखर तपासून घ्या.

एखादं औषध सुरू झाल्यापासून थोड्याशा उन्हानेही त्वचा जास्त भाजायला लागली असेल, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, तर औषध आपल्या मनाने बंद न करता ज्यांनी दिलंय त्यांना विचारा. तोपर्यंत फुल बाह्या.